एकोणीस नंबरचा एल्बो

ज्याला खोटं वाटेल त्याने इथेच थांबावं. मी कोणाला पटवायला बसलेलो नाही. हे ज्याच्यासोबत घडलं तो माझा साडू आहे. जिथे घडलं ते बॉयलर हाउस मी स्वतः जाऊन बघून आलोय.

आणि घडलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. काळोख नाही, पडका बंगला नाही. लख्ख उजेड.

साडू कारखान्यात पाइप तपासतो. हातात मावेल एवढं मीटर, त्याला वायरीने जोडलेला प्रोब. पाइपला जेल लावायचं आणि प्रोब टेकवायचा. आपल्या कानांना न कळणारा आवाज पत्र्यात शिरतो, आतल्या बाजूवर आपटून परत येतो आणि मीटरवर आकडा उमटतो. पत्रा किती जाड उरलाय ते न कापता समजतं. जेल आणि प्रोब बघून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. "काय डॉक्टर, कितवा महिना?" हा विनोद त्याने हजारदा तरी ऐकला असेल.

त्याचा धाकटा भाऊ तिथेच फिटर होता. डॉक्टरनेच चिकटवला होता. एरवी भलता उतावळा, जेवताना तोंड पोळून घेणारा. पण एकदा पाना हातात घेतला की कामाला सावकाश आणि चोख.

गेल्या वर्षीच्या शटडाउनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवतात तेव्हा, वाफेच्या लाइनचे चोवीस एल्बो तपासायचे होते. एल्बो म्हणजे पाइपचं वळण. वाफ वळताना तिथे घासते, म्हणून पत्रा आधी तिथेच झिजतो. एकोणीस नंबर अगदी छताजवळ. परांची बांधल्याशिवाय हात पोचत नाही, आणि परांचीवाले घरी गेलेले.

डॉक्टर खाली टेबलाशी बसला. आदल्या वर्षीचा आकडा बघितला. सहा पॉइंट नऊ मिलिमीटर. खरा वाटावा म्हणून त्यातून थोडा कमी केला.

सहा पॉइंट आठ.

आणि सही ठोकून मोकळा झाला.

बॉयलर चालू असला की ओरडलेलं ऐकू येत नाही. म्हणून फिटर व्हॉल्व्ह उघडण्याआधी पाइपवर दोनदा ठोकतो. म्हणजे, उघडू का? वरच्या टोकाचा माणूस एकदा ठोकतो. म्हणजे, उघड.

सात महिन्यांनी, एका सकाळी, वरचा माणूस चहाला गेला होता. डॉक्टर तिथून चालला होता. खालून दोन ठोके आले. धाकट्याचेच. पाइप चांगली असल्याचा कागद आपणच दिलाय, मग हरकत कसली?

त्याने एकदा ठोकलं.

एकोणीस नंबर फुटला. धाकटा बरोबर त्याच्या खाली होता. वाफेने माणसाचं काय होतं ते मी लिहीत नाही. त्याची किंकाळी बॉयलरच्या आवाजातही सगळ्यांना ऐकू गेली.

फुटलेला तुकडा मोजायला कोणाकडे आला? डॉक्टरकडेच. पत्रा एक पॉइंट नऊ उरला होता. त्याने पुन्हा सहा पॉइंट आठ लिहिलं, आणि तुकडा भंगारात गेला. चौकशीत ठरलं की एवढी जाड पाइप आपोआप फुटत नाही. फिटरने न विचारता, घाईघाईत व्हॉल्व्ह उघडला असणार.

"त्याला जन्मापासून घाई," त्यांची आई म्हणाली. "स्वतःच्या हाताने गेला माझा लेक."

डॉक्टर शेजारीच बसला होता.

मला त्याचा राग येतो. हे सगळं कळल्यापासून रोज येतो.

यंदाच्या शटडाउनला तो स्वतः परांचीवर चढला. एकोणीस नंबर आता नवा कोरा, नऊ मिलिमीटरच्या वरचा. बॉयलर थंड. लाइन रिकामी. व्हॉल्व्हला कुलपं. सगळे चहाला गेलेले.

जेल लावलं. प्रोब टेकवला.

सहा पॉइंट आठ...

त्याने प्रोब पुसला. जागा बदलली.

सहा पॉइंट आठ.

वर, खाली, बाजूला. सगळीकडे तेच. शेवटी खिशातला ठोकळा काढला. पाच मिलिमीटरचा पोलादी तुकडा, मीटर बरोबर आहे ना हे बघायला ठेवतात तो. त्याच्यावर प्रोब धरला.

सहा पॉइंट आठ.

हा आकडा कुठल्याच पाइपमध्ये कधी नव्हता. तो फक्त डॉक्टरच्या डोक्यातून आला होता.

आणि मग...

ठक. ठक.

पाइपच्या आतून.

"कोण आहे रे खाली?"

खाली कोणी नव्हतं.

ठक. ठक.

डॉक्टर हलला नाही. ठोके थांबेनात. तीच लय, तोच धीर. हातातलं काम थांबवून परवानगीची वाट बघणाऱ्या माणसाचे ठोके. पाच मिनिटं. दहा मिनिटं. हे थांबावं एवढंच त्याला वाटत होतं.

त्याने ठोकळा उचलला आणि पाइपवर एकदा ठोकला.

क्षणभर शांतता...

मग रिकाम्या लाइनमधून किंकाळी आली. संपूर्ण. पहिल्यापासून शेवटपर्यंत, जशी त्या दिवशी होती तशी. प्रोबखालचं जेल उकळायला लागलं. तो मीटर टाकून खाली पळाला.

चहा पिऊन परतलेला परांचीवाला वर चढला, पाइपवर हात फिरवून ओरडला, "डॉक्टर, गार आहे की हो! कशाला भ्यालात?"

त्याला किंकाळी ऐकू आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर कामावर गेलाच नाही. घरी बसला. अकरा वाजले...

ठक. ठक.

स्वयंपाकघरातल्या नळाच्या पाइपमधून.

हे मात्र घरात सगळ्यांना ऐकू येतं. प्लंबर म्हणाला, लाइनमध्ये हवा असेल. आईने त्याला वेड्यात काढलं. गच्चीवरच्या टाकीचं काम करताना धाकटा असाच ठोकायचा आणि ती खालून चमच्याने उत्तर द्यायची. तिने लगेच ओळखलं.

मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय. अकराला पाच कमी असताना ती माउली ओट्याशी स्टूल ओढून बसते. पदर नीट करते. ठोके आले की तिचा चेहरा उजळतो.

"आला बघा," ती मला म्हणाली. "विचारतोय, उघडू का म्हणून." मग पाइपला गाल लावून हळूच, "तेव्हा असंच विचारलं असतंस, तर वाचला नसतास का रे बाळा?"

आणि तिने चमचा एकदा वाजवला.

मला पुढे काहीच ऐकू आलं नाही. पण डॉक्टर दारात उभा होता, तो कानांवर हात दाबून खाली बसला. हातांनी काही अडत नसावं.

त्या दिवशी जिन्यात त्याने मला सगळं सांगितलं.

"आईला सांगून टाक," मी म्हणालो.

"काय सांगू? त्याने विचारलं होतं, आणि उघड म्हणणारा मी होतो?"

"हो. तेच."

"रोज एकदाच ओरडतो रे," तो म्हणाला. "उत्तर दिलं नाही तर दिवसभर ठोकत राहतो. त्यापेक्षा हे बरं."

त्याने जिना उतरायला सुरुवात केली.

परवा पुन्हा गेलो होतो. आईचा हात दुखत होता. अकरा वाजता ठोके आले, तिने चमचा माझ्यापुढे केला. "आज तुम्ही सांगा त्याला."

डॉक्टर दारातून मानेने नको, नको म्हणत होता.

मला वाटलं, भोग आता. मी चमचा घेतला आणि जोरात ठोकला. तो कळवळून खाली बसला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

घरी येताना, अर्ध्या रस्त्यात, लक्षात आलं.

ओरडतो तो डॉक्टर नाही. ओरडतो तो धाकटा. त्याने मला विचारलं होतं, आणि सगळं माहीत असून मी त्याला उघड म्हणालो.

आज सकाळी अकरा वाजता मी माझ्या घरातले सगळे नळ सोडून बसलो होतो. पाण्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येऊ नये म्हणून.