इसरूची बिदागी

या मास्तर, आत या. दारातून चार हाका मारल्या म्हणता? मारल्या असतील. बहिरा नाही मी. मागच्या परसात मोहाचं पान पडलं तरी मला कळतं. फक्त नावानं मारलेली हाक मला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली.

बसा. मतदारांच्या यादीत माझं नाव लिहायचंय ना? उमाजी लिहा. आणि कंदिलाची वात जरा मोठी करा. हसू नका, अंधाराला भिणारा माणूस नाही मी. समोरच्याचं तोंड दिसत राहिलेलं बरं असतं, एवढंच.

पंचावन्न सालचा चैत्र. मी चांद्याच्या बाजारात बैल घ्यायला निघालो होतो. आलापल्लीहून सर्व्हिस मोटार सुटायची, तिच्यात बसलो. माझा एक बैल पोळ्याआधीच मेला होता आणि उरलेल्या एकट्याकडून नांगर काय ओढवणार? कमरेच्या कशात, पैशांच्या पिशवीत, दीडशे रुपये होते. ते कुठून आले ते सांगतो, पण थोडं थांबा. मागच्या बाकावर आमच्या गावची धुरपता बसली होती आणि तिच्या शेजारी तिचा नवरा इसरू. धुरपता आदल्या दिवशी माझ्या अंगणात येऊन उभी राहिली होती.

"भाऊ, तो सिनेमावाला सेठ चांद्याले आला म्हन्तेत. तंबू टाकला त्यानं. आमाले घेऊन चला. बिदागी दिल्याबिगर इसरू वापस नाई येत."

मी हो म्हणालो. नाही म्हणायला तोंड नव्हतं माझ्याकडे.

तुम्ही बाहेरचे, म्हणून सांगतो. आमच्या झाडीपट्टीत दंडार असते. नाच, गाणं, सोंगं, पिकं घरात आल्यावर सगळं गाव बघायला बसतं. आमच्या दंडारीचा म्होरक्या मी. खेळ ठरवायचा, सोंगं नेमायची, बिदागी वाटायची, सगळं माझ्याकडे. मेलेल्याचं सोंग मात्र इसरूचंच. एरवी तो तळ्यात जाळं टाकून मासे धरणारा ढीमर, दिवसभर हसणारा. पण तोंडाला पांढरी माती फासून उभा राहिला की पुढच्या रांगेतल्या बायका पोरांची डोकी पदराखाली घ्यायच्या.

या सोंगाची एक रीत आहे. खेळ संपला तरी मेलेला बोलत नाही, तोंड धूत नाही. उजवा हात पसरून उभा राहतो. ज्यानं खेळ ठरवला त्यानं आपल्या हातानं त्या हातावर बिदागी ठेवायची आणि त्याला त्याच्या नावानं हाक मारायची. मूठ मिटली की माणूस परत आला. मग तोंड धुवायचं. राजाला, चोराला, राक्षसाला बिदागी आठ दिवसांनी दिली तरी चालते. मेलेल्याची बिदागी उधार ठेवत नाहीत.

चौपन्नच्या थंडीत आलापल्लीच्या सागवनात सिनेमावाले आले. एक कॅमेरा, धडधडणारं इंजिन, डासांनी रडकुंडीला आलेली एक नटी आणि सेठ. भुताचा सिनेमा करायचा होता, पैसा तुटपुंजा. कोणीतरी आमच्या दंडारीचं नाव सांगितलं. आमचे पाच गडी ठरले. चौघे तिरडी धरणारे, त्यांना तीस-तीस. विहिरीतून वर येणारा मेलेला म्हणजे इसरू, त्याला साठ.

आठ दिवस इसरू त्या गारठ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. शेवटच्या दिवशी सेठनं मला राहुटीत बोलावलं.

"उमाजी, पिक्चर चलने दो. मग सगळ्यांना देतो. हे दीडशे तुझे, गड्यांना समजावण्याचे. इथं सही कर."

मी सातवी शिकलेला आहे, मास्तर. कागद वाचता येत होता. 'पाचही जणांचे पैसे पोचले' असं लिहिलं होतं. मी सही केली.

बाहेर आलो. चौघे कुरकुरत तोंडं धूत होते. इसरू हात पसरून उभा होता. सगळं सामान गाडीत चढलं, इंजिन बंद झालं, दिवे गेले. तो उभाच.

"धू तोंड, इसरू," मी म्हणालो. "मी हाओ ना."

तो हलला नाही. मग मी त्याचा हात धरला आणि खाली केला. स्वतः. असा.

त्या दिवसापासून इसरूनं नावाला ओ दिली नाही. जेवायचा, तळ्यावर जायचा, जाळं टाकायचा आणि ओढायचं विसरून पाण्यात कमरेएवढा उभा राहायचा. धुरपता त्याचं तोंड घासून घासून धुवायची. सकाळी कानामागे पुन्हा पांढरी माती. उशीवर माती. पोरगं जवळ जायला भ्यायचं.

आणि सिनेमा चालला! 'पांढरी विहीर' नाव. इथून तिथून लोक लोटले. नटीचं कोणी नाव घेत नव्हतं, सगळे विहिरीतल्या मेलेल्यासाठी यायचे. चांद्याला उतरलो तर भिंतीभिंतीवर इसरूचं तोंड रंगवलेलं. धुरपता एका भिंतीपाशी थांबली, पदरानं त्या चित्राचा गाल पुसायला लागली. रंगच तो, निघतो कशाला!

तंबूच्या मागं सेठची मोटार उभी होती, नवी कोरी. धुरपता हात जोडून म्हणाली, "सेठ, पैसे कमी द्या, नाई म्हनत नाई. पन तुमच्या हातानं त्याच्या हातावर ठेवा, न एक डाव इसरू म्हना. बस."

सेठनं पेटी उघडून कागद काढला. "बाई, पैसे कधीच पोचले. हे बघ. तुमच्याच माणसाची सही आहे."

धुरपताला वाचता येत नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. "काय लिवलं हाय, भाऊ?"

खोटं सांगता आलं असतं. पण सेठ माझ्याकडे बघून हसत होता आणि माझ्या कशातले दीडशे कमरेला टोचत होते. मी वाचून दाखवलं. सहीसकट.

ती ओरडली नाही. तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं, अजून वाटतं. नुसतं म्हणाली, "तुमी आमचे होते न भाऊ..."

मग तिनं पदराची गाठ सोडली, दोन तिकिटं घेतली आणि इसरूला हाताला धरून तंबूत घेऊन गेली. आपल्याच नवऱ्याला बघायला तिला पैसे मोजावे लागले! मी त्यांच्या मागून शिरलो. तिकीट कोणी विचारलंच नाही.

तंबूत उकाडा असा की कनातीला हात लावला तर चटका बसावा. बिडीचा धूर, घामाचा वास, मशीनची किर्रर्र. सिनेमा पुढं सरकला, विहीर आली. आणि वास बदलला. ओल्या मातीचा वास... चैत्रात, चांद्याच्या त्या फुफाट्यात. पडद्यावर इसरू विहिरीतून वर आला. पाणी गळत होतं. इथं तो नटीकडे वळायचा, मला ठाऊक होतं, मी कॅमेऱ्यामागं उभा होतो चित्र घेताना. तो वळला नाही. आमच्याकडे तोंड करून थांबला आणि त्यानं उजवा हात पसरला.

हे चित्र कधीच घेतलेलं नव्हतं. हात पसरला तेव्हा कॅमेरा पेटीत गेला होता, मास्तर. मीच तर ती पेटी उचलून गाडीत ठेवली होती.

लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या पुढच्या बाकावर बसलेला इसरू हळूहळू उठला. त्यानंही हात पसरला. मागचे लोक "बस, बस" ओरडायला लागले. तो पडद्याकडे बघत नव्हता. वळून माझ्याकडे बघत होता.

"भाऊ..." धुरपता कुजबुजली. "हाय का तुमच्यापाशी?"

मी कमरेचा कसा सोडला. साठ रुपये मोजून त्याच्या हातावर ठेवले. हात विहिरीतल्या दगडासारखा गार होता.

"इसरू..." मी म्हणालो.

मूठ मिटली. मशीन खटकन थांबलं, पडदा काळा झाला. अंधारात माझ्या कानाजवळ इसरूचा आवाज आला, चार महिन्यांनी पहिल्यांदा. अगदी मायेनं बोलला तो.

"माही बिदागी तुमी देल्ली, भाऊ. खेळ त सेठनं ठरवला होता. आता तुमची कोन देईन?"

उरलेले नव्वद मी त्या चौघांना वाटले. तीस कमी पडले, ते पुढच्या पिकाला धान घालून फेडले. बैल घेतला नाही. इसरू बरा झाला, तळ्यावर गाणी म्हणत जाळं ओढतो, तुम्ही ऐकलं असेल. धुरपता मला कधी वाईट बोलली नाही. माझ्या दारात मात्र पुन्हा कधी उभी राहिली नाही.

पुढच्या साली तोच सिनेमा राजुऱ्याला आला. चौघांतला लटारू मला ओढून घेऊन गेला. विहीर आली, मेलेला वर आला आणि लटारूच्या तोंडातली बिडी गळून पडली.

तो इसरू नव्हता. त्याचा डावा खांदा खाली झुकलेला होता. लहानपणी मोहाच्या झाडावरून पडलो तेव्हापासून माझा आहे, तसा. मी त्या कॅमेऱ्यापुढं क्षणभरही उभा राहिलेलो नाही, कोणाचीही शपथ घालून विचारा. लटारू माझा दंड धरून हाका मारत होता म्हणे. मला फक्त मशीनची किर्रर्र ऐकू येत होती.

सेठ मागच्या पावसाळ्यात वारला. म्हणजे खेळ ठरवणारा आता कोणी राहिला नाही.

लिहिलंत नाव? मग निघा, उशीर झाला. आणि मास्तर, तुम्ही आल्यापासून माझ्या या उजव्या हाताकडे बघताय, ते मला दिसतंय. दिवस मावळला की तो असाच पसरतो, सकाळपर्यंत. नाही... नाही, धरू नका. दया आली तरी खाली करू नका.

इसरूचा मी केला होता.