सगळ्यांची खोली

त्या घरात एक खोली जास्तीची होती. जास्तीची म्हणजे पाहुण्यांची. पण पाहुणे येतील, राहतील, अशा आशेवर ठेवलेल्या खोलीचं शेवटी जे होतं तेच तिचंही झालं होतं. 'आत टाक' म्हटलं की वस्तू तिथे जायची. इस्त्रीचे कपडे, बंद पडलेला पंखा, चाक निखळलेली बॅग, वर्तमानपत्रांची रद्दी. पलंगाची एक कड तेवढी रिकामी असायची. तिच्यावर बसून मोजे घालण्यापलीकडे त्या खोलीचा कुणाला काही उपयोग नव्हता.

ती खोली बदलायची असं घरातल्या बाईंनी ठरवलं. या बाई एका दवाखान्यात लोकांचे कान तपासायच्या. काचेच्या बंद कोठडीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं आणि आपण बाहेर बसून आवाज बारीक बारीक करत न्यायचा. "ऐकू आलं की दाबा. ऐकू आल्यासारखं वाटलं तरी दाबा," हे त्या दिवसातून वीस-पंचवीस वेळा म्हणायच्या. दवाखान्यात त्यांना सगळे कानवाल्या बाई म्हणत आणि त्यांना ते मनातून आवडायचंही. ऐकण्याच्या बाबतीत आपल्याला कुणी फसवू शकत नाही, असा त्यांना भलताच भरवसा होता.

घरात माणसं चार. नवरा औषधांच्या दुकानात कामाला. संध्याकाळी घरी आला की माउथऑर्गन घेऊन बाल्कनीत जायचा आणि एकच धून वाकडीतिकडी वाजवत बसायचा. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. ते जुने घड्याळजी, काम सोडलं तरी डोळ्याचं भिंग सुटलं नव्हतं. आणि मुलगी ठकू, एकोणीस वर्षांची, कानात इअरफोन खुपसून दिवसभर चित्रं काढणारी. चार माणसं, चार दारं आणि जेवणाच्याही चार वेळा. ठकू चार महिन्यांनी लांबच्या शहरात शिकायला जाणार होती.

"चार महिने आहेत हातात," एका संध्याकाळी बाई म्हणाल्या. "तेवढ्यात मला हे घर एकदा एका खोलीत बसलेलं बघायचंय. बोलताना, हसताना. भांडलात तरी चालेल, पण एकमेकांशी भांडा."

"आणि ठकू गेल्यावर काय करायचं त्या खोलीचं?" नवऱ्याने विचारलं.

"अहो, म्हणून तर आत्ता म्हणते ना!" बाईंचा आवाज चिरकला. 

सुतार आला. मोठा बोलघेवडा गडी. त्याने जुना पलंग काढून भिंतीला उचलून लावता येईल असा दुसरा बसवला. पाहुणा आला तर खाली, नाहीतर वर. एका भिंतीला लांबलचक टेबल केलं, अर्धं ठकूच्या चित्रांना, अर्धं अण्णांच्या घड्याळांना. कोपऱ्यात नवऱ्याची आरामखुर्ची. खिडकीशी बाईंचं शिवणयंत्र आणि त्यांची बुटकी खुर्ची. माउथऑर्गनमुळे घर आणि शेजार हैराण होऊ नये म्हणून दाराच्या चारी बाजूंना रबराची पट्टी लावून घेतली, दवाखान्यातल्या कोठडीला असते तशी.

काम झाल्यावर सुतार आत गेला, दार लावलं आणि मिनिटभराने बाहेर आला.

"बाई, काय ऐकलंत?"

"काहीच नाही."

"मी बोंबलून तुम्हाला दोन शिव्या दिल्या. टेबलाचा रंग तीनदा बदलायला लावलात म्हणून." तो खूश होऊन हसला. "म्हणजे काम चोख झालंय."

ठकूने दारावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सगळ्यांची खोली'. बाईंना अगदी भरून आलं.

पहिल्या रविवारी दुपारी चौघंही आत बसली. खिडकीच्या पातळ पडद्यातून पिवळसर ऊन येत होतं, नव्या लाकडाचा वास होता. ठकू चित्र काढत होती, अण्णा चिमट्याने एक इवलंसं चाक उचलत होते, नवरा डोळे मिटून पडला होता. बाईंनी वाट पाहिली. मग न राहवून विचारलं, "काय गं, काय काढतेस?"

"काही नाही."

"अण्णा, चाललं का घड्याळ?"

"बघतोय."

घर एका खोलीत आलं होतं आणि तरी गप्प होतं. बाईंना रडू फुटायचं तेवढं राहिलं होतं. चहा करते म्हणून त्या उठल्या आणि बाहेर येऊन त्यांनी दार लावून घेतलं.

दाराकडे पाठ वळते न वळते तोच त्यांना आतून हसू ऐकू आलं. तिघांचं मिळून. ठकूचं खिदळणं, नवऱ्याचं हो हो हो, आणि अण्णांचा हसता हसता आलेला खोकला.

त्यांनी झटकन दार उघडलं. तिघंही होती तिथेच, खाली माना घालून.

"कशावर हसलात?"

"कोण हसलं?" ठकूने इअरफोन काढून विचारलं. तिच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

असं रोज होऊ लागलं. बाई आत असल्या की सगळं सामसूम. त्या बाहेर आल्या, दार लागलं, की बोलणं सुरू. मुळात त्या दारातून काही ऐकूच यायला नको होतं. सुताराच्या शिव्या आल्या नव्हत्या, तिथे ठकूची कुजबुज कशी यावी? बाई काही खुळ्या नव्हत्या. त्यांनी दवाखान्यातल्या मैत्रिणीला सांगून स्वतःचेच कान तपासून घेतले.

"अगं, लहान पोरासारखे कान आहेत तुझे," मैत्रीण म्हणाली. "फक्त एक सांग, शेवटी शेवटी मी आवाज सोडतच नव्हते. तरी तू बटण दाबत होतीस. का?"

"ऐकू आल्यासारखं वाटलं," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी आवाज मोजायचं यंत्र घरी आणलं आणि खोलीबाहेरच्या बोळातल्या भिंतीला टेकवून ठेवलं. आत नवरा काहीतरी रंगवून सांगत होता, ठकू मध्ये मध्ये 'खोटं, साफ खोटं' म्हणत होती. यंत्राचा काटा जागचा हलला नाही. बाईंनी काट्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि यंत्र बंद करून पिशवीत घातलं. परत ते त्यांनी काढलं नाही.

कारण एव्हाना त्यांना ते बोलणं हवंहवंसं झालं होतं. त्यांनी बोळात एक स्टूल आणलं. कामावरून आल्या की हातपाय धुवायचे, केस सोडायचे आणि भिंतीला डोकं टेकून ऐकत बसायचं. आतल्या गप्पा अशा असायच्या की ऐकताना डोळे जड व्हावेत. एका तळ्यावर सगळे गेले होते आणि अण्णांची चप्पल पाण्यात वाहून गेली होती, त्याची गोष्ट. असं तळं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण ऐकता ऐकता पायांना गार पाणी लागल्यासारखं व्हायचं. एकदा ठकू म्हणाली, "मला भीती वाटते हो बाबा, तिथे माझं कुणीच नसेल." आणि नवरा इतक्या मऊ आवाजात तिच्याशी बोलला की बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांच्याशी तो असा लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातसुद्धा बोलला नव्हता.

आत गेलं की घर गप्प. बाहेर बसलं की घर बोलतं. मग आत कशाला जायचं? बाईंनी मनाची समजूत घातली, 'ऐकतेय ना मी, म्हणजे त्यांच्यातच आहे.'

दोन महिने असे गेले. एका संध्याकाळी आतून ठकूची हाक आली.

"आई कुठाय? आई, ये ना गं! आम्ही कधीची वाट बघतोय."

बाईंचं काळीज सुपाएवढं झालं. त्या दिवसाची त्यांनी किती वाट पाहिली होती! त्या उठल्या, पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणून भिंतीचा आधार घेतला, उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"आले, आले," आतून आवाज आला. त्यांचाच.

आत खुर्ची सरकली. कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि चौघं हसली. चौथं हसणं बाईंनी लगेच ओळखलं. लग्नाआधी त्या तशा हसायच्या, मान मागे टाकून, लोकांनी वळून पाहावं इतक्या मोठ्याने.

त्या परत स्टुलावर बसल्या. दार उघडायचं धैर्य झालं नाही.

त्यानंतर आतून शिवणयंत्राची घरघर येऊ लागली. नवऱ्याच्या सदऱ्याचा उसवलेला खिसा एका सकाळी शिवलेला दिसला. दोरा तोच, शेवटची गाठही बाई मारतात तशीच, दुहेरी. एकदा त्या आपला चहाचा कप घेऊन नवऱ्यासमोर गेल्या, तर तो म्हणाला, "परत? आत्ताच तर प्यायलीस आमच्याबरोबर." अण्णा म्हणाले, "सूनबाई हल्ली कशी मोकळी बोलते, नाही? घरात जीव आलाय." ते कौतुक त्यांच्याचविषयी होतं, पण अण्णा बोलत होते त्या बंद दाराकडे पाहून.

आता ठकू जायला आठवडा उरला होता. मुलीशी आपण चार शब्द धड बोललेलो नाही, हे बाईंना अचानक उमगलं आणि त्या हादरल्याच. चार महिने! ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच राहून गेलं होतं. भर दुपारी त्या तडक उठल्या आणि त्यांनी दार उघडलं.

तेच ऊन, तोच पडदा. तिघांनी माना वर केल्या.

शिवणयंत्राजवळची खुर्ची रिकामी होती. यंत्रावर एक चष्मा पडला होता, डाव्या काडीला चिकटपट्टी गुंडाळलेला. बाईंनी हात आपल्या डोळ्यांकडे नेला. त्यांचा चष्मा डोळ्यांवरच होता. डाव्या काडीची चिकटपट्टी बोटाला लागली.

"या ना," नवरा अदबीने उठून म्हणाला. "बसा. ती आत्ताच उठून गेली. येईल इतक्यात."

"अहो, काय चेष्टा लावलीय!"

नवरा ओशाळून हसला. बोलणं कळलं नाही की माणसं हसतात तसा. ठकूने पाहिलं आणि परत चित्रात डोकं घातलं.

बसावं का? ती आली तर? ती येऊन दारात उभी राहिली तर आपण कुठे जायचं? त्या मागच्या मागे बाहेर आल्या आणि दार ओढून घेतलं.

"कोण होतं?" आत त्यांच्या आवाजाने विचारलं.

"कोण जाणे," नवरा म्हणाला. "चुकून आल्या असतील बिचाऱ्या."

जायचा दिवस उजाडला. सकाळचे नऊ. खाली गाडी येऊन थांबली होती. ठकूची मोठी बॅग बोळात उभी होती आणि बाई बॅगेच्या मुठीवर हात ठेवून उभ्या होत्या.

त्यांनी वाक्य ठरवून ठेवलं होतं. 'ठकू, मला तुझ्याशी बोलायचं राहिलंय.' एवढंच. बाकीचं मग आपोआप आलं असतं.

खोलीचं दार अर्धं उघडलं.

ठकू उंबऱ्यावर पाठमोरी उभी होती. आतल्या कुणाला तरी घट्ट मिठी मारून. तिचे खांदे हलत होते.

तिच्या पाठीवर दोन हात होते. थोपटत होते. दोनदा हळू, एकदा जोरात. बाईंनी तिला लहानपणी तसंच थोपटून झोपवलं होतं.

"ठकू," बाई म्हणाल्या.

ठकू वळली. डोळे पुसत पुसत दार मागे लावलं. बाईंना बघून ती हसली. फार गोड हसली, चांगल्या घरच्या मुली हसतात तशी.

"ठकू, मला तुझ्याशी..."

"ती बॅग जरा इकडे देता?"

बाईंनी बॅग दिली. त्यांच्या बोटांना तिची बोटं लागली. ओली होती, उबदार होती.

ठकूने बॅग पुढे घेतली, दोन पावलं गेली आणि थबकली. परत आली. इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला, आतल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"आईला एकटं वाटेल हो मी गेल्यावर," ती म्हणाली. "अधूनमधून तिच्याकडे येऊन बसत जाल ना? येते हं, काकू."