सोळावी भाजी

पेटी उघडली आणि हिमानीला दरदरून घाम फुटला.

आत व्हीनसचं डोकं नव्हतं. भोपळा होता. चेहऱ्यासाठी कापलेल्या फोमच्या खड्ड्यात ऐटीत बसलेला.

हिमानी नागपूरची, ओहायोतल्या डब्लिन गावात राहून आर्ट हिस्टरी शिकणारी. आणि ते संगमरवरी डोकं पाचशे वर्षांपूर्वीचं, फ्लॉरेन्सचं. तेव्हा तिथे जुन्या रोमचं असं वेड होतं की चित्रं, इमारती, शाळेतली पुस्तकं, सगळं रोमसारखं हवं. एका पठ्ठ्यानं हे डोकं घडवलं, मातीत पुरलं आणि अस्सल रोमन म्हणून विकलं!

ते लॅबमधून म्युझियममध्ये न थांबता आणायचं, एवढंच हिमानीचं काम. तासाभरात प्रोफेसर कार्टरबाई तपासायला येणार. नोकरी गेली की व्हिसा गेला.

टेबलवर तिनं प्रदर्शनासाठी लिहिलेली पाटी होती: ‘जुने देव परत आले, पण लोकांनी त्यांना आपलेच कपडे चढवले.’ पुढे बाईंचं लाल पेन: ‘उदाहरण?’

“वाटेत थांबली होतीस?” सोबत काम करणाऱ्या नीलनं विचारलं.

“नाही.” मग बारीक आवाजात, “वीस मिनिटं. डब्लिनला, घरी. आज गौरीजेवण ना यार. आंघोळ केली, लांबूनच नमस्कार केला.”

“किल्ल्या?”

“डायनिंग टेबलवर. पेटीची पण.”

“घरात कोण होतं?”

“घरमालक. सुवर्णाकाकू किचनमध्ये. दिगंबरकाका गौरींना लायटिंग करत होते.”

“काही विचित्र दिसलं?”

“धाकट्या गौरीचा पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला. काका म्हणाले, नजर लागू नये म्हणून.”

हिमानीनं भोपळा फिरवला. मागे सुरीचा चिरा होता. एकच.

“नील, इथले लोक भोपळ्याला नाक-डोळे कोरतात. एक चिरा देऊन कोण थांबतं?”

तिनं फोन लावला. “काकू, सोळा भाज्या झाल्या?”

“कसल्या सोळा! पंधरा! भोपळाच गायब आहे. काका म्हणतात, आणलाच नव्हता. नैवेद्य खोळंबलाय!”

हिमानीनं भोपळा काखोटीला मारला आणि गाडी हाणली.

हॉलमध्ये काका गौरींसमोर पहाऱ्याला उभे असल्यासारखे उभे होते.

“काका, याला चिरा कुणी दिला?”

“कशाला?”

“भोपळ्याला. काकू अख्खा भोपळा कापत नाहीत. पहिला चिरा घरातल्या पुरुषानं द्यायचा. तो तुम्ही दिलात.”

काकू पळीसकट बाहेर आल्या. हिमानीनं वाकून सोफ्याखालून काहीतरी काढलं. शाडूचं नाक. नथीच्या भोकासकट.

“लायटिंगची माळ ओढताना मुखवटा पडून फुटला. काकू आत, मी बाथरूममध्ये. व्हीनसचे फोटो मी कालच तुम्हाला दाखवले होते. पेटी हलकी लागू नये म्हणून तुम्ही भोपळा ठेवलात, आणि चेहरा लपवायला...”

तिनं पदर वर केला. पैठणीत, कुंकू लावलेली, नाकावर टेपनं नथ चिकटवलेली व्हीनस शांतपणे बघत होती.

“अहो!” काकू किंचाळल्या. “पूजा केली मी हिची!”

“तुला सांगणार कसं?” काकांनी हात जोडले. “आईच्या वेळचा मुखवटा गं. तू मला घरात ठेवलं नसतंस.”

हिमानी डोकं उचलायला गेली. काकूंनी तिचा हात धरला.

“खबरदार! उद्या विसर्जन. त्याआधी गौर हलत नाही.”

“काकू, ती रोमची देवी आहे, व्हीनस!”

“देवीच ना? मग माहेरी आलीये. जेवल्याशिवाय कशी जाईल?”

बेल वाजली. दारात प्रोफेसर कार्टर. घाबरट नीलनं पत्ता दिला होता.

काकूंनी बोट दाखवलं, बाईंनी बूट काढले. तोंड उघडायच्या आत कपाळावर हळदी-कुंकू लागलं. बाई गौरींसमोर उभ्या राहून नथ घातलेली व्हीनस न्याहाळू लागल्या. एक मिनिट. दोन मिनिटं. हिमानीला नागपूरचं परतीचं विमान दिसू लागलं.

मग बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं, एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या आणि ती हिमानीच्या हातात दिली.

‘उदाहरण सापडलं. सोमवारी सकाळी आठला परत हवं, कुंकू पुसून.’

हिमानी मटकन खाली बसली.

“बसलीस काय?” काकू म्हणाल्या. “आण तो भोपळा इकडे. सोळावी राहिलीये!”