शेपटाचा हुकूम

डोंगरापलीकडे चार जवान अडकले होते आणि त्यांना जिवंत आणायचं होतं. अख्खा कडा कोसळून खिंड बुजली होती. ढग इतके खाली आले होते की हेलिकॉप्टर उडवणं म्हणजे निव्वळ आत्महत्या. चौघं ज्या कातळावर बसले होते त्याच्याखालची माती नदी कुरतडत चालली होती आणि त्यांच्यातल्या एकाचा पाय दरडीखाली चिरडला होता. वायरलेसवर त्यांचा शेवटचा निरोप आला, "जागा कमी होत चाललीय." त्यानंतर नुसती खरखर.

नकाशात वाट नव्हती, पण जनरलच्या डोक्यात होती. लेफ्टनंट असताना एका मोहिमेवरून परतताना तो डोंगराच्या पोटातल्या भुयारातून पलीकडून अलीकडे आला होता. तेव्हा तो काडीसारखा होता, कुठल्याही बिळात शिरायचा, म्हणून विशेष दलात त्याचं नाव पडलं 'उंदीर'. पुढे या उंदराने विमानातून उड्या मारल्या, समुद्राखालून पोहत जाऊन बोटींना सुरुंग लावले, ओलीस सोडवले, दलाची प्रशिक्षण शाळा चालवली. मग खांद्यावरचे तारे वाढले आणि उंदीर खुर्चीत जाऊन बसला. फायली, बैठका, आणि प्रत्येक बैठकीत बिस्किटं. बायकोने त्याच्या गणवेशाची शिवण दोनदा उसवून सैल केली होती. निवृत्ती तोंडावर आली होती.

"तुम्ही कशाला जाताय? एवढी पोरं तयार केलीत ती काय शोभेला?" बायको फोनवर म्हणाली.

"वाट फक्त मला ठाऊक आहे."

"तुम्हाला असेल हो. तुमच्या पोटाला ठाऊक आहे का?"

त्याने हसून फोन ठेवला. खरं कारण तिला सांगितलं नाही. त्याला जायचंच होतं! त्या खुर्चीत त्याचा जीव गुदमरत होता.

भुयाराच्या तोंडाशी चौघं कमरेला एकच दोरी बांधून उभे राहिले. जनरल, दोर बांधण्यात तरबेज असलेला सडपातळ हवालदार, दलाचा डॉक्टर आणि सगळ्यांत मागे कॅप्टन. ती जनरलच्याच शाळेत शिकलेली. तिथे त्याने एक रीत घालून दिली होती, की अरुंद जागेत शेपटाचा हुकूम चालतो. शेपूट म्हणजे रांगेतला शेवटचा माणूस. पुढच्याला फक्त पुढचं दिसतं, शेवटच्याला सगळ्यांच्या पाठी दिसतात, आणि परतीची वाटही त्याच्याच हातात असते. तिथे हुद्दा पाहायचा नाही. गेली कित्येक वर्षं जनरल हे भाषणांत सांगत आला होता.

आत शिरले तशी बाहेरची पावसाची झोड ऐकू येईनाशी झाली आणि दिव्यांच्या झोतात ओल्या, पिवळट भिंती चकाकू लागल्या. पायाखालून घोट्याएवढं पाणी त्यांच्याकडे वाहत येत होतं. काही ठिकाणी उभं राहता येई, काही ठिकाणी रांगावं लागे. जनरल सगळ्यांच्या पुढे होता आणि अगदी खुशीत होता. "इथे डोकं सांभाळा! इथे उजव्या कडेने!" वाट त्याला ओळख देत होती.

मग आला चिमटा. दोन कातळांच्या मधली आडवी फट, जेमतेम माणूस सरपटेल एवढी. हे नावही जनरलनेच तेव्हा दिलं होतं. सगळ्यांनी फटीकडे पाहिलं, मग जनरलच्या पोटाकडे, मग पुन्हा फटीकडे. बंदुकीच्या तोंडासमोर उभी राहणारी माणसं ती! पण जनरलच्या पोटाचा विषय काढायची एकाचीही छाती झाली नाही.

"हवालदार, तू आधी जा. मग मी," जनरल म्हणाला.

हवालदार सुळकन पलीकडे गेला. जनरल एक हात पुढे, एक हात मागे करून आत सरकला. डोकं गेलं. खांदा गेला. श्वास सोडून त्याने जोर लावला.

आणि तो अडकला!

पुढे सरकेना, मागे सरकेना. छातीवर कातळ, पाठीवर कातळ. पुरता श्वास घ्यायला जागा नव्हती. हवालदार त्याच्या तोंडासमोर होता, डॉक्टरच्या हाताला फक्त त्याचे बूट लागत होते. आणि पाणी! जनरलच्या देहाने फट बुजली होती. पलीकडून येणारं पाणी तुंबून हवालदाराच्या बाजूला चढू लागलं.

"पुढे ओढ!" जनरल ओरडला.

"सर, मागे यायला हवं," मागून कॅप्टनचा आवाज आला.

"पुढे! मी सांगतोय ना!"

मागे गेलो तर मोहीम संपली, आपली शेवटची मोहीम. एवढं एकच त्याच्या डोक्यात घुमत होतं. हवालदाराने हुकूम मानला, हाताला धरून जीव खाऊन ओढलं. खांदा कातळाच्या धारेखाली गेला आणि पाचरीसारखा घट्ट बसला. आता पाणी जनरलच्या हनुवटीला टेकलं. पलीकडे हवालदार छातीपर्यंत बुडाला होता आणि त्याला परत यायला वाट नव्हती. त्याच्या वाटेत खुद्द जनरल होता.

जनरल घाबरला. विमानातून पडताना घाबरला नव्हता एवढा घाबरला.

"सर, ऐका," कॅप्टन म्हणाली. आवाज शांत होता, फक्त जरासा घोगरा. "शेपूट मी आहे. हुकूम माझा. हवालदार, डॉक्टर सांगतील तसं साहेबांचं गळ्याजवळचं हाड मोड. खांदा आत दुमडला की आम्ही मागे ओढतो."

"मॅडम, माझ्याच्यानं नाही व्हायचं!" हवालदार रडकुंडीला आला.

पाणी जनरलच्या ओठांना लागलं. त्याने मान वर ताणली. "मोड रे बाबा," तो म्हणाला. "तिचा हुकूम आहे."

हवालदाराने डॉक्टरने सांगितलेल्या जागी टाच रोवली आणि लाथ घातली. कट्! जनरलची किंकाळी भुयारभर घुमली. त्याच क्षणी बुटांना हिसका बसला. एकदा! दोनदा! कातड्याची सालटं निघाली, आणि बाटलीचं बूच निघावं तसा तो मागे आला. पाठोपाठ पाण्याचा लोंढा सगळ्यांना भिजवून निघून गेला आणि फट मोकळी झाली.

डॉक्टरने त्याचा हात गळ्यात बांधला, वेदनेवर सुई टोचली. जनरल भिंतीला टेकून बसला. त्याला रडू येत होतं ते हाडामुळे नव्हे.

"पुढची वाट सांगा, सर," कॅप्टन म्हणाली.

त्याला वाटलं, सांगूच नये. मग कातळावर बसलेले ते चौघं त्याला आठवले. "पुढे मोठं दालन आहे. तिथे दोन फाटे फुटतात. बिनधास्त डावा घ्या. दुसऱ्या फाट्यात खोल विहीर आहे. डावा धरलात की थेट नदीवर."

तो दोरीतून सुटला आणि ते तिघं पुन्हा दोरीला बांधून चिमट्यापलीकडे गेले. जनरलने बॅटरी वाचवायला दिवा विझवला. अंधारात तो एकटा उरला, हाडाची कळ आणि पाण्याचा आवाज सोबतीला. आयुष्यभर तो कुणाला ना कुणाला आणायला गेला होता. वाट पाहत बसायचं काम त्याला कधीच मिळालं नव्हतं, आणि ते सगळ्यांत अवघड निघालं. त्याला त्या तिघांचा हेवा वाटला, मग त्या हेव्याची लाज वाटली, मग नुसती काळजी उरली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. फटीतून उजेड आला! आधी हवालदार, मग ताडपत्रीत गुंडाळून ओढत आणलेला जखमी जवान आणि त्याच्याबरोबर डॉक्टर. मग एकेक करत बाकीचे तिघं, ओठ निळे पडलेले, पण जिवंत! शेवटी कॅप्टन. जनरलने धडधाकट हाताने प्रत्येकाचं तोंड चाचपून पाहिलं.

"शाब्बास! डावा फाटा सापडला ना नीट?"

हवालदाराने कॅप्टनकडे पाहिलं.

"विहीर डावीकडेच आहे, सर," ती म्हणाली. "तुम्ही तेव्हा पलीकडून येत होतात. तुमच्या डाव्या हाताची वाट इकडून उजवीकडे येते. डाव्या फाट्यात पाय टाकायच्या आधी आम्ही दगड टाकला. खूप वेळाने डुबुक आवाज आला. मग उजवीकडून गेलो."

जनरलला स्वतःचे शब्द आठवले. डावा, बिनधास्त, आपणच सांगितलं होतं.

"आणि मी पुढे असतो तर?"

कॅप्टन म्हणाली, "तुम्ही पुढे असता तर दगड कुणी टाकला असता, सर?"

कुणीच टाकला नसता. तो ताठ मानेने डावीकडे वळला असता, आणि ते तिघं त्याच्या मागोमाग गेले असते, निमूट, शिस्तीत, एकाच दोरीला बांधलेले.