चौथ्या आवृत्तीची निळी तार

तिच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक मंगळवारी सकाळी तुटलं. जुन्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांचे सहा कंगोऱ्यांचे हट्टी स्क्रू उघडणारं तसं टोक गावात एकाच दुकानात मिळतं असं कळलं, म्हणून ती तिथं गेली. एवढ्याशा कारणानं आयुष्याला वळण लागावं हे कोणाही गंभीर अभ्यासकाला शोभणारं नाही. पण घडलं ते असं.

संग्रहालयात तिला सगळे भिंगबाई म्हणत. वय तिशीच्या आतलं. पण ती डोळ्याला भिंग लावून यंत्र तपासू लागली की ते घेऊन आलेल्या संग्राहकाला घाम फुटे. कोणता बोर्ड पहिल्या आवृत्तीचा, कोणता नंतरचा, कोणती चिप कारखान्यात बसली आणि कोणती एखाद्या उत्साही माणसानं मागाहून डकवली, हे ती अर्ध्या मिनिटात सांगे. तिचं खरं नाव झालं ते मात्र चौथ्या आवृत्तीमुळे. एका जुन्या कन्सोलच्या, म्हणजे गेमच्या यंत्राच्या, तीनच आवृत्त्या जगाला ठाऊक होत्या. तिनं चौथी शोधली. बोर्डावर एक जादा निळी तार, टोकाला वीज धरून ठेवणारा चिमुकला कपॅसिटर. सदोष बोर्ड फेकून देण्याऐवजी कारखाने कधीकधी असा इलाज करतात, हाही तसाच, हा तिचा सिद्धांत. सहा वर्षांत अशी अकरा यंत्रं सापडली होती. ज्या विद्वानांनी उभ्या आयुष्यात एक स्क्रू फिरवला नव्हता, त्यांनी तिला आधी वेड्यात काढलं आणि मग तोच सिद्धांत, तिचं नाव तेवढं वगळून, आपापल्या पुस्तकांत घेतला. येत्या शनिवारी त्याच मंडळींपुढे तिचं व्याख्यान होतं.

दुकान अरुंद. हवेत राळेचा गोडसर, जळका वास. गल्ल्यावर एक वयस्क बाई विणत बसलेल्या, आणि मागच्या टेबलाशी, दिव्याखाली वाकून, एक तरुण चिमट्यानं निळी तार काटकोनात वळवत होता.

“असंच एक हवंय,” म्हणत तिनं तुटकं टोक गल्ल्यावर ठेवलं, आणि मागे पाहतच राहिली. तार बोर्डाच्या कडेनं निघाली, चिपला वळसा घालून कोपऱ्यात शिरली, मेणाच्या दोऱ्यानं दोन ठिकाणी बांधली गेली. ते वळण तिला तोंडपाठ होतं.

“हे... हे काय करताय तुम्ही?”

“तापलं की याचं चित्र थरथरतं,” तो मान वर न करता म्हणाला. “ही तार घातली की गप्प बसतं.” मग त्यानं वर पाहिलं— आणि हातातला चिमटा हवेतच राहिला.

“अशी किती यंत्रं केलीत?”

“मोजली नाहीत. दहा-बारा? का हो, आवडली?”

“आवडली!” तिचा आवाज चिरकला.

“अरे, त्यांना बसायला दे आधी,” गल्ल्यावरच्या बाई म्हणाल्या. “पांढऱ्याफटक पडल्यात बघ. तुझ्या धुळीनं चक्कर आली असेल.”

“आत्या, ती धूळ नाही, तुझी लोकर आहे.” त्यानं स्टूल पुढे सरकवलं, आपल्या शर्टाच्या बाहीनं पुसून.

ती बसली, आणि समोरच्या भिंतीवर तिला चौथ्या आवृत्तीवरचा तिचाच लेख दिसला. नीट कापून, काचेत बसवलेला. एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ: ‘ही संयत, नेमकी, स्वतःची जाहिरात न करणारी कारागिरी पाहिली की त्या अनामिक हाताविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.’

“वाचलंय तुम्ही?” त्याचा चेहरा उजळला. “कोणी मोठ्या बाई आहेत. चुकलंय त्यांचं, कारखाना-बिरखाना काही नाही. पण लिहिलंय काय! माझ्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं ‘वर्तन ठीक’ होतं.”

“त्या मोठ्या बाई,” ती थंडपणे म्हणाली, “तुमच्या स्टुलावर बसल्या आहेत.”

आत्याच्या सुया थांबल्या.

“चूक आहे हे ठाऊक असून गप्प बसलात? एक पत्र टाकायला काय धाड भरली होती?”

“लिहिलं होतं... तीनदा.” तो कानापर्यंत लाल झाला. “पाठवलं असतं, तर तुम्ही ते वाक्य खोडलं असतं.”

ती संतापली. संतापाच्या तळाशी मात्र काहीतरी निर्लज्जपणे हसत होतं, आणि त्याचा तिला अधिकच राग आला. “उद्या दहाला संग्रहालयात या. अकराही यंत्रं ओळखून दाखवायची आहेत,” असं फर्मावून ती तरातरा निघून गेली— जे घ्यायला आली होती ते न घेताच.

तो पावणेदहालाच हजर झाला. तिचं विसरलेलं नवं टोक स्वच्छ रुमालात गुंडाळून.

अकरा यंत्रं टेबलावर उघडी पडली. मूळ यंत्रातलं काहीही सोडवायचं नाही, असा संग्रहालयाचा नियम. आज प्रथमच तिनं तो मोडला. त्यानं पहिला कपॅसिटर अलगद उचलून उलटा केला. पोटावर तो बनवल्याच्या वर्षाचा आकडा होता: यंत्राहून तब्बल नऊ वर्षांनी लहान.

“हा आकडा खाली का ठेवता?”

“वर ठेवला की ओबडधोबड दिसतं.”

“तुमच्या नीटनेटकेपणानं माझी सहा वर्षं खाल्ली.”

“माझ्या नीटनेटकेपणाकडे सहा मिनिटंही कोणी पाहिलं नव्हतं...”

तिनं भिंग डोळ्याला लावलं. गरज नव्हती, पण चेहरा झाकायला ते बरं पडतं.

अकराव्या यंत्रापाशी तो थांबला. “ऐका. मी हे सगळे परत बसवतो. आकडा खाली. शनिवारी तुम्ही ठरलंय तेच बोला. मी जन्मात तोंड उघडणार नाही.”

मोह झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. सहा वर्षं, एक नाव, आणि समोर टपून बसलेलं अख्खं सभागृह.

“नको,” ती म्हणाली.

“ते हसतील तुम्हाला.”

“हसू देत. निदान एकदा तरी काही समजून हसतील. आणि तुम्ही माझ्यासाठी गप्प राहिलात, तर मला रोज तुमचा राग येईल. तो रोज यावा असं... मला वाटत नाही.”

“रोज?” त्यानं हळूच विचारलं.

“काम करा.”

शनिवारी तिनं दहा मिनिटांत आपला सिद्धांत मोडीत काढला. सभागृहात कुजबुज उठली. पहिल्या रांगेतले एक प्राध्यापक, दुःख झाल्याचा कसलेला अभिनय करत, उभे राहिले. “म्हणजे बाई, चौथी आवृत्ती अस्तित्वातच नाही म्हणायची?”

“आहे ना, सर. आपल्या पुस्तकाच्या दोनशे चौदाव्या पानावर.”

हशा इतका मोठा होता की प्राध्यापकांनाही त्यात सामील व्हावं लागलं. मग पुढचा तासभर ती मागाहून केलेला फेरफार कसा ओळखावा ते सांगत राहिली, आणि ज्यांनी कधी स्क्रू फिरवला नव्हता ते मुकाट्यानं टिपून घेत राहिले. शेवटच्या रांगेत आत्या विणायचं विसरून ऐकत होत्या.

तो जिन्यात उभा होता. “माझ्यामुळे तुमचं...”

“तुझ्यामुळे,” ती म्हणाली, आणि दोघंही त्या शब्दापाशी अडखळली. जिन्यावरून माणसं उतरत होती. तिनं आवाज खाली आणला नाही. “सहा वर्षं मी एका माणसाच्या प्रेमात होते... आणि त्याला कारखाना समजत होते. एवढी ढोबळ चूक माझ्या हातून पूर्वी झाली नव्हती. ती दुरुस्त करायची आहे.”

त्यानं तिच्या हातातली जड पिशवी घेतली. मग ती दुसऱ्या हातात धरली, आणि मोकळ्या हातानं, अगदी हलकेच, तिचा हात धरला.

“चला की आता!” वरच्या पायरीवरून आत्या ओरडल्या. “मागे माणसं खोळंबलीत!”

दोघंही जागची हलली नाहीत.