चार ओळी आणि चारशे पानं

मागच्या बाकावर जागा दिसली, म्हणून ती वर्गात शिरली. बाहेर पाऊस तिरका येत होता, व्हरांड्यात उभं राहायची सोय नव्हती आणि तिचा स्वतःचा तास सुरू व्हायला अवकाश होता. कॉलेजातला तिचा पहिलाच दिवस. कविता शिकवायला आलेली नवी बाई, असं काही कपाळावर लिहिलेलं नसतं.

फळ्यापाशी विस्कटलेल्या केसांचे एक उंच सर कुठल्याशा थंड देशातली, दोनशे वर्षांपूर्वीची कादंबरी शिकवत होते. नायकाने मागणी घातली आहे. नायिका खिडकीशी उभी आहे, आणि ‘हवा फार गार झाली’ एवढंच म्हणते आहे.

“म्हणजे नकार,” सर म्हणाले, आणि त्यांची नजर मागे गेली. “शेवटच्या बाकावर... हो, तुम्हीच. तुम्हाला काय वाटतं?”

ती दचकली. पण गप्प बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. “नकार नाही वाटत, सर. ती त्याला पुन्हा विचारायला सांगते आहे. नको असता तर खिडकी लावून आत गेली असती.”

वर्गात खसखस पिकली. सरांनी पान मागे उलटलं, पुढे उलटलं. “रोल नंबर काय तुमचा?”

“नाही मिळाला अजून. तुमच्यानंतरचा तास माझा आहे. मी शिकवते.”

सरांचे कान लालबुंद झाले. आणि तिला ते, का कोण जाणे, फार आवडलं.

पुढे महिन्याभरात प्राचार्यबाईंनी दोघांना बोलावून एक नवा अभ्यासक्रम गळ्यात घातला. देशोदेशीच्या, वेगवेगळ्या काळांतल्या प्रेमकथा आणि प्रेमकविता, दोघांनी मिळून शिकवायच्या. कादंबऱ्या त्यांच्याकडे, कविता तिच्याकडे. पोरांनी लगेच बारसं करून टाकलं. ती ‘चार ओळी’ आणि ते ‘चारशे पानं’.

मग दुपारच्या दुपार स्टाफरूमच्या कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊ लागल्या. काय घ्यायचं, काय वगळायचं यावर भांडणं होत, चहा निवून जाई. पुन्हा मागवलेला चहाही निवे.

“तुमच्या कादंबरीत हा दर्यावर्दी अर्धं पुस्तक संपेपर्यंत तिला साधं हसूनही दाखवत नाही,” ती म्हणायची. “एवढं काय अडलं होतं त्याचं?”

“माणूस आहे तो. धीर गोळा करतोय.”

“तोवर ती म्हातारी झाली ना.”

“तुमच्या कवितेत बरं आहे. पहिल्या ओळीत भेट, दुसऱ्या ओळीत विरह. जेवायलाही वेळ नाही बिचाऱ्यांना.”

असं बोलताना ते पेन्सिलीचं टोक दातांत धरत आणि मान तिरपी करून बघत. ती लगेच कागदांत डोकं खुपसे. कागदावरची अक्षरं मात्र तिला धुक्यातून आल्यासारखी दिसत.

एक दिवस वर्गात तिने एक छोटी कविता घेतली. दूरच्या डोंगरांतल्या विणकर बायकांची. कुणी रचली ठाऊक नाही, काळही नीट ठाऊक नाही. तिने हळू आवाजात म्हटली –

‘नदी ओलांडून गेलास.
मी अजून दोघांपुरतं पाणी आणते.
उरलेलं झाडाला घालते.
झाड फार वाढलंय.’

मग सर म्हणाले, “तो का गेला? परत आला का? कवीने काहीच सांगितलेलं नाही.”

“झाड वाढलंय एवढं सांगितलंय की. किती वर्षं गेली ते आलं त्यात. तिने एकदाही रडल्याचं सांगितलेलं नाही, आणि म्हणूनच आपल्याला रडू येतं. न बोललेलंच जास्त ऐकू येतं, सर.”

“तू ना, कवींना नेहमी माफ करतेस,” ते हसत म्हणाले.

...तू.

बाहेर पाऊस नव्हता, पंखाही बंद होता. पहिल्या बाकावरच्या मुलीने दुसरीला कोपर मारलं तेही ऐकू आलं. सर खडू शोधू लागले. खडू त्यांच्या हातातच होता. ती फळ्याकडे वळली, आणि बराच वेळ फळा पुसत राहिली. फळ्यावर काही नव्हतं.

त्या दिवसापासून दोघं एकमेकांना तू म्हणू लागले. त्यापुढे मनातलं दोघांनीही बोलून दाखवलं नाही. संध्याकाळी फाटकापर्यंतची वाट मात्र फार सावकाश सरू लागली.

आणि मग तो फोन आला. त्याच डोंगराळ भागातल्या एका संस्थेने तिला बोलावलं होतं. विणकर बायकांची गाणी त्यांच्यातच राहून ऐकायची, ध्वनिमुद्रित करायची, अर्थ लावायचा. दोन वर्षांचं काम. शिकायला लागल्यापासून ती ज्याची स्वप्नं बघत आली, ते हेच.

तिने सगळ्यांत आधी त्याला सांगितलं. त्याने हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, “जायलाच हवं. अशी संधी पुन्हा येत नाही.” आणि तिथलं हवामान, रस्ते, तिथली भाषा यांविषयी इतकं मुद्देसूद बोलला, की ती कागद गोळा करून सरळ घरी निघाली.

घरी मावशी भाजी निवडत होती. जन्मभर नर्स म्हणून काम केलेली मावशी चेहरा बघून ताप ओळखायची. “काय म्हणाला तुझा चारशे पानांचा माणूस?”

“जा म्हणाला.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“काही नाही. त्याला कळायला हवं ना...”

“कसं कळेल? तोंडं शिवलीत का दोघांची?” मावशीने देठ मोडला. “पेशंटसुद्धा सांगतो गं कुठे दुखतं ते. तेव्हा कुठे औषध देतात.”

ती रात्रभर तळमळली. न बोललेलं जास्त ऐकू येतं, असं तिनेच भर वर्गात सांगितलं होतं. कवितेत येत असेल. तिला तर त्या न बोललेल्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो ग्रंथालयाच्या जिन्यावर भेटला. हातात पुस्तकांची चळत, वर हनुवटी टेकवलेली.

“मला थांब का नाही म्हणालास?” तिने सरळ विचारलं.

तो एक पायरी खाली उतरला. “कारण... तू थांबली असतीस.”

“मग?”

“मग रोज सकाळी तू समोर बसली असतीस, आणि तुझे ते डोंगरही आपल्यामध्ये येऊन बसले असते. मला ते नको होतं.”

“एवढं सगळं तू एकट्यानेच ठरवलंस?”

“चुकलं माझं.” त्याने चळत पायरीवर ठेवली. हात रिकामे झाल्यावर त्यांचं काय करावं ते त्याला सुचेना. “मला तू आवडतेस. फार... म्हणजे पहिल्या दिवसापासून, तू माझी नायिका माझ्या हातातून काढून घेतलीस तेव्हापासून. हे आधी सांगायला हवं होतं. आणि मग जा म्हणायला हवं होतं.”

तिचे डोळे भरून आले आणि हसूही आलं. “मी जाणार आहे,” ती म्हणाली. “पण मलाही तू आवडतोस. आणि माझ्यामागे उगाच मुद्देसूद वागायचं नाही.”

तिने त्याचा हात धरला. त्याची बोटं गार होती. जिन्यावरून दोन विद्यार्थी वर येत होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि शहाण्यासारखे मागे फिरले.

ती गेली. डोंगरांतल्या त्या खेड्यात एका म्हाताऱ्या विणकरणीच्या घरी राहू लागली. दिवसभर मागाची खटखट, तिच्या तालावरची गाणी, आणि दारापर्यंत येणारे ढग. फोनला रेंज मिळेल तेव्हा दोघं बोलत. तो तिकडचं सगळं बारीकसारीक सांगे, आणि आता ती त्याला मध्येच तोडत नसे.

सुट्टी लागल्यावर एका दुपारी तो चिखलाने भरलेल्या बुटांनी, धापा टाकत अंगणात येऊन उभा राहिला. केस तसेच विस्कटलेले. ती धाग्यांची गुंडी हातात घेऊन उठली.

म्हातारीने माग थांबवला. त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि आपल्या भाषेत काहीतरी विचारलं. हिने उत्तर दिलं. अगदी छोटं. म्हातारी बोळक्या तोंडाने हसली आणि पायातलं काढून आत ये, अशी त्याला खूण केली.

“काय विचारलं त्यांनी?” तो बूट सोडता सोडता म्हणाला.

“हा कोण, म्हणून.”

“आणि तू काय सांगितलंस?”

“त्यांच्याकडे एक शब्द आहे,” ती म्हणाली. “बाहेरून आलेला, पण घरातलाच.”

त्याने तो शब्द म्हणून पाहिला. उच्चार साफ चुकला. माग पुन्हा सुरू झाला होता. खटखटीत ऐकू यावं म्हणून तिने त्याच्या कानाशी वाकून तो पुन्हा सांगितला.