पाहुण्याचा ठिपका

कोराडीच्या कॉलनीत राख पुसणं हे दात घासण्याइतकंच रोजचं काम. वीजकेंद्राची राख बंद खिडकीतूनही घरात येते. त्यामुळे अंतराळ दुर्बिणीच्या फोटोवर एक जादा ठिपका दिसला, तेव्हा श्रीधरमास्तरांनी आधी फडकं उचललं. विज्ञान शिकवणारा माणूस, संशय राखेवरच घेणार.

ठिपका पुसला गेला नाही.

त्या वर्षी दुर्बीण दर महिन्याला काहीतरी नवं शोधत होती. कधी जन्मणारे तारे, कधी फार जुनी आकाशगंगा. तो फोटो छापून आणून घरात लावायचा, हा नूपुरचा हट्ट. अकरा वर्षांची त्यांची लेक मागच्या माघात तापानं गेली. मास्तरांनी फोटो चालू ठेवले. दारातली रांगोळी मात्र बंद होती, कारण दुःखाचं वर्ष सरलं नव्हतं.

रांगोळीही नूपुरच काढायची. अकरा ठिपके मांडले की बारावा ओळीबाहेर, एकटा. "पाहुण्याले जागा पाहिजे ना, बाबा," म्हणायची.

दुसऱ्या महिन्यात ठिपका दुसऱ्याच जागी निघाला, जरा मोठा. मूळ फाइलमध्ये तो नव्हता. मास्तरांनी छपाईचं दुकान बदललं. तिसऱ्यात आणखी मोठा, जवळ आल्यासारखा.

"काहून घासून राहिले तुम्ही?" प्रेमलताबाई, त्यांची बायको, म्हणाल्या. "कागद फाटंल."

अकराव्या महिन्यात त्यांनी सगळे ठिपके एका ट्रेसिंग पेपरवर उतरवले. नूपुरची रांगोळी होती. फक्त पाहुण्याचा ठिपका नव्हता.

त्यांनी बायकोला सांगितलं नाही. वेडी आशा लागली होती, आणि त्या आशेचीच भीती वाटत होती.

बारावा फोटो वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी आला. भिंगातून कोपरा न् कोपरा पाहिला. स्वच्छ. मास्तरांना हायसं वाटलं, मग रडू आलं.

सकाळी प्रेमलताबाईंनी दार उघडलं.

"अहो, श्राद्ध व्हायचं आहे अजून. रांगोळी काहून काढली?"

मास्तर ओट्यावर आले. पडलेल्या राखेत बोटानं टेकवलेले ठिपके होते. त्यांनी मोजले. अकरा.

"तिचा एक बाहेर राहते ना," त्या हळू म्हणाल्या. "तो कुठं आहे?"

मास्तर ओटाभर शोधत राहिले. त्यांनी मागून बाही ओढली, म्हणून वळले.

बारावा ठिपका उंबऱ्याच्या आत होता, पुसलेल्या फरशीवर.